घरचा संगणक आणि दूरदेशीचा हात

आमच्या खानापूर तालुक्यातील गावांतून असे ख्रिस्ती घर आता विरळाच आढळेल की, ज्या घरातील कुणी ना कुणी पोटापाण्यासाठी गोव्यास, पुण्यास, बंगळुरास किंवा समुद्रापलीकडे आखाती देशांत गेलेले नाही. पूर्वी अशा घरांचा धागा पोस्टमनच्या झोळीने जोडलेला असे. महिन्याकाठी पत्र यावे, मनिऑर्डर यावी आणि ते पत्र वाचून दाखवायला मास्तरांनी नाही तर फादरांनी ओट्यावर बसावे, अशी रीत होती. पुढे टेलिफोन आला, मग खिशातला मोबाईल आला आणि आता पुष्कळ घरांतून संगणकही आला आहे. सुट्टीवर आलेल्या मुलांनी तो हौसेने आणून मांडला. पण सुट्टी संपून मुले परत गेली की त्या यंत्रापुढे बसायचे कुणी, आणि ते अडले तर सोडवायचे कुणी, हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांपुढे उभा राहिला.

आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शाळामास्तर ह्याच अडचणीत सापडले होते. त्यांचा मुलगा कुवेतला एका गोदामात नोकरीस आहे. मास्तरांनी संगणकात शेताच्या कागदपत्रांची चित्रे ठेवली आहेत, चर्चमध्ये गायच्या गीतांची टिपणे ठेवली आहेत आणि आपल्या जुन्या शाळेच्या आठवणीही ते त्यातच लिहीत आहेत. एके दिवशी त्या आठवणींची पाने त्यांना सापडेनात. संध्याकाळी मुलाला फोन लावला.

"बाबा, खाली डाव्या कोपऱ्यात चार चौकोनांची खूण आहे, ती दाबा."

"डाव्या कोपऱ्यात हवापाण्याचे चित्र आहे. चौकोन नाहीत."

"असणारच बाबा. नीट बघा ना!"

"पस्तीस वर्षे पोरांना डावे-उजवे शिकवले आहे मी!"

पाऊण तास हे चालले. अखेर मास्तरांनी फोन खाली ठेवला, आणि पुढचे चार दिवस मुलाचा फोन आला की तो आईच्या हाती देऊन ते अंगणात जाऊ लागले. रविवारी मिस्सा संपल्यावर त्या माउलीने मला चर्चच्या पायरीवर गाठले. "फादर, यंत्र बिघडले ते बिघडले, पण बापलेकांचे बोलणे तुटले हो," असे ती म्हणाली. तेव्हा मी मध्ये पडलो. जो उपाय केला तो आपल्या अनेक घरांच्या उपयोगी पडण्याजोगा आहे; पण तोच उपाय अविचाराने योजला तर घरावर संकट आणण्याजोगाही आहे. म्हणून दोन्ही बाजू येथे सांगतो.

ही विद्या काय आहे?

एका घरी बसून दुसऱ्या घरातील संगणक इंटरनेटवरून पाहणे व चालविणे, असे ह्या विद्येचे थोडक्यात वर्णन करता येईल. इंग्रजीतून आलेले 'रिमोट डेस्कटॉप' हेच नाव आता सर्वत्र रूढ आहे. हिच्यात जादू काही नाही. मास्तरांच्या पडद्यावर जे दिसते त्याचे चित्र तारेवरून कुवेतला मुलाच्या पडद्यावर जाते. मुलगा तिकडे माऊस हलवतो व कळा दाबतो, त्याची वर्दी उलट इकडे येते आणि मास्तरांचा संगणक त्याप्रमाणे वागतो. एकसारखे सगळे चित्र पाठवावे लागत नाही. बहुतांशी जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवला जातो. म्हणून अगदी वेगवान जोडणी नसतानाही काम निभावते.

ही कल्पना काही आजची नव्हे. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील हॅनोव्हर गावी, डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची सभा भरली असता जॉर्ज स्टिबिट्झ ह्यांनी टेलिटाइप यंत्रावर गणिते टंकून ती तारेने न्यूयॉर्कमधील आपल्या गणकयंत्राकडे पाठवली, आणि उत्तरे तेथून त्याच सभेत परत आली. दूरच्या गणकयंत्राकडून काम करवून घेण्याचा हा जाहीर प्रयोग होता. पुढे ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट ह्यांनी सॅन फ्रान्सिस्को शहरात मंचावर बसून सुमारे ५० किलोमीटरवरील मेन्लो पार्क येथला संगणक सर्वांदेखत चालवून दाखवला, आणि त्याच सभेत माऊसही दाखवला. १९९८ साली इंग्लंडातील केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेने 'व्हीएनसी' हा ह्या कामाचा प्रोग्राम लोकांना मोफत दिला. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या व्यावसायिक आवृत्तीत तर ही सोय संगणकातच बसवलेली आली.

पत्त्याची अडचण

आता कुणी विचारील, सोय इतकी जुनी आहे, तर घरातून घरात जायला अडचण ती कोणती? अडचण पत्त्याची आहे. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते ४२९ कोटींच्या आसपासच आहेत. जगाची लोकसंख्याच ८०० कोटींवर गेली आहे, आणि एकेका माणसाजवळ दोन-दोन, तीन-तीन यंत्रे. त्यामुळे एका घराला मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, आणि घरातील राउटर आतल्या प्रत्येक यंत्राला वेगळा, घरापुरता पत्ता वाटून देतो.

एखादा मोठा वाडा डोळ्यांपुढे आणा. रस्त्यावर दिंडीदरवाजा एक. आत बिऱ्हाडे दहा. पाकिटावर नुसते वाड्याचे नाव असेल, तर पोस्टमनने कोणत्या बिऱ्हाडाला हाक मारावी? राउटरची स्थिती अशीच होते. आतून कुणी बाहेर पत्र पाठवले तर त्याचे उत्तर कुणाला द्यायचे हे त्याला ठाऊक असते. पण बाहेरून न विचारता आलेल्याला तो दारातूनच परत लावतो. त्यातच बहुतेक घरांचा बाहेरचा पत्ता अधूनमधून बदलतो. शिवाय पुष्कळ ठिकाणी इंटरनेट पुरवणारी कंपनी अनेक घरांना मिळून एकच पत्ता देते, म्हणजे वाड्यांचाही वाडा होतो.

ह्यावर तोड निघाली ती मध्यस्थाची. दोन्ही घरांतील संगणक आपणहून बाहेर पडून एकाच मध्यस्थ यंत्रापाशी जातात. आतून बाहेर जायला राउटरची आडकाठी नसते. मध्यस्थ दोघांची गाठ घालून देतो. जर्मनीत २००५ साली स्थापन झालेली टीमव्ह्यूअर, तेथेच २०१४ साली निघालेली एनीडेस्क, गूगलचे क्रोम रिमोट डेस्कटॉप, मायक्रोसॉफ्टचे क्विक असिस्ट ह्या सर्व सोयी ह्याच मार्गाने चालतात.

मास्तरांच्या घरी काय केले

सामान्यतः आपल्या घरांतील संगणकांवर विंडोजची 'होम' आवृत्ती असते. ह्या आवृत्तीच्या संगणकात मायक्रोसॉफ्टच्या मूळ रिमोट डेस्कटॉपने बाहेरून प्रवेश करता येत नाही. त्यासाठी 'प्रो' आवृत्ती लागते. परंतु क्विक असिस्टला तशी अट नाही. म्हणून आम्ही तोच मार्ग धरला. आमच्याकडे साडेसात वाजले म्हणजे कुवेतला पाच वाजतात. तेर्स आटोपून मास्तर, त्यांची पत्नी आणि मी असे तिघे संगणकापुढे बसलो, आणि मुलाला फोन लावला.

कंट्रोल, विंडोज आणि क्यू ह्या तीन कळा एकदम दाबल्यावर क्विक असिस्ट उघडले. तिकडे मुलानेही ते उघडून, आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जाऊन, 'मदत करणारा' ही बाजू निवडली. त्याला एक सांकेतिक शब्द मिळाला. तो दहा मिनिटेच चालतो. मुलाने तो फोनवर वाचून दाखवला, मास्तरांनी सावकाश टंकला. मग त्यांच्या पडद्यावर प्रश्न आला की, समोरच्याला आपला पडदा दाखवायचा काय? मास्तरांनी होकाराची कळ दाबली. एवढ्याने मुलाला नुसते दिसू लागले. हात लावता येत नव्हता. त्याने ताबा मागितला, तेव्हा दुसऱ्यांदा अनुमती विचारली गेली. ही दोन पायऱ्यांची अनुमती फार चांगली आहे. पाहू देणे निराळे आणि हाताळू देणे निराळे, हे ती आपल्याला शिकवते.

पडदा दिसताच फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचेच खरे. डाव्या कोपऱ्यात हवापाण्याचेच चित्र आहे. चौकोन मध्यभागी आहेत."

झाले होते ते असे. मास्तरांच्या संगणकावर विंडोजची अकरावी आवृत्ती आहे, आणि तिच्यात ती खूण पट्टीच्या मध्यावर असते. मुलाच्या गोदामातील संगणक जुना; त्यावर ती डाव्या कोपऱ्यात. बाप खोटे बोलत नव्हता, मुलगाही खोटे बोलत नव्हता. दोघे दोन निरनिराळ्या पडद्यांकडे पाहून एकमेकांना सुधारीत होते. आठवणींची पाने दोन मिनिटांत सापडली. मास्तर काही बोलले नाहीत, पण फोन त्यांनी आईच्या हाती दिला नाही. स्वतःच धरून ठेवला आणि कुवेतला उन्हाळा कसा काय आहे, हे विचारू लागले.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये रीत उलटी आहे: मदत घेणाऱ्याच्या पडद्यावर बारा आकडे येतात, ते त्याने मदत करणाऱ्याला सांगायचे असतात. ते पाच मिनिटेच चालतात, आणि पुढे दर अर्ध्या तासाने 'चालू ठेवायचे काय?' असे विचारले जाते. त्याच सोयीचा दुसरा प्रकार असा की, आपण परगावी असताना आपलाच घरचा संगणक आपण उघडायचा. त्यासाठी निदान सहा आकड्यांची गुप्त संख्या ठरवून ठेवावी लागते. मात्र संगणक चालू असला तरच तो साद देतो. तो झोपी जाण्याची वेळ ठरवलेली असेल तर ती काढून टाकावी लागते. आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की कुवेतहून कितीही हाका मारल्या तरी व्यर्थ.

दुसरी गोष्ट इशाऱ्याची. काही जाणते तरुण मध्यस्थ टाळण्यासाठी राउटरमध्येच बाहेरच्यांना थेट वाट करून देतात. मूळ रिमोट डेस्कटॉपची ही वाट ३३८९ ह्या क्रमांकाची असते. वाड्याचा दिंडीदरवाजा रात्रंदिवस उघडा टाकण्याचाच हा प्रकार होय. जगभरचे भामटे यंत्रे लावून असे उघडे दरवाजे शोधीत असतात. मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टला ह्याच सोयीतील 'ब्लूकीप' नावाने ओळखला गेलेला एक गंभीर दोष दुरुस्त करावा लागला. तो इतका घातक होता की, कधीच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती द्यावी लागली. तेव्हा घरगुती कामासाठी ही थेट वाट उघडू नये. मध्यस्थही सर्वस्वी निर्धास्त नसतात; फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने आपल्याच यंत्रणेत चोर शिरल्याचे जाहीर करून ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला होता. म्हणून प्रोग्राम अद्ययावत ठेवणे, खात्याला वेगळा व बळकट पासवर्ड देणे आणि त्यावर दुहेरी पडताळणी लावणे, एवढे तरी प्रत्येकाने करावेच.

तोच दरवाजा, दुसरा पाहुणा

आता दुसरी बाजू. दुसऱ्या एका गावची, माझ्या ओळखीची एक विधवा मावशी गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आली. ती पापनिवेदनास आली नव्हती, ओट्यावर बसून बोलली, आणि "इतरांना कळू द्या फादर, म्हणजे कुणी माझ्यासारखी फसणार नाही" असे तिनेच सांगितले, म्हणून लिहितो. तिला फोन आला होता. बोलणारा अदबीने बोलत होता. "आजी, आपल्या खात्याची कागदपत्रे अपुरी आहेत, आज रात्री खाते बंद पडेल, मी सांगतो तो प्रोग्राम मोबाईलवर घ्या, मी येथूनच सारे नीट करून देतो," असे तो म्हणाला. तिने सांगितले तसे केले, दिसलेले आकडे वाचून दाखवले, होकाराच्या कळा दाबल्या. अर्ध्या तासात काजूच्या दोन हंगामांची पुंजी खात्यातून गेली.

ज्या सोयीने मास्तरांची पाने सापडली त्याच जातीची ही सोय. भामट्याला मावशीच्या मोबाईलचा पडदा दिसत होता. बँकेचा सांकेतिक आकडा आला तो तिच्याबरोबर त्यानेही वाचला; तिने दाबलेली अक्षरे त्यानेही पाहिली. फेब्रुवारी २०१९ मध्येच रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचे नाव घेऊन अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. त्यात त्या प्रोग्रामचा दोष नाही. तो सरळ कामासाठीच केलेला आहे. दोष किल्लीचा नसतो, ती कुणाच्या हाती दिली ह्याचा असतो.

मला त्या पैशांहून अधिक दुःख झाले ते दुसऱ्या गोष्टीचे. मावशीने तीन दिवस कुणाला काही सांगितले नाही. मुलीला कळले तर ती काय म्हणेल, लोक हसतील, आपण मूर्ख ठरू, ह्या भीतीने ती रात्री जागत राहिली. माझ्यापाशी आली तीही "माझ्या हातून पाप झाले काय?" असे विचारीत. बंधुभगिनींनो, पाप चोराचे, फसलेल्याचे नव्हे. परंतु गप्प बसण्याने चोराला पळायला सवड मिळते. असे काही घडल्यास आधी मोबाईलचे किंवा संगणकाचे इंटरनेट तोडावे, तत्काळ आपल्या बँकेला कळवावे, आणि १९३० ह्या सरकारी क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांतच पैसे वाटेत अडवण्याची आशा अधिक असते. आणि घरच्यांना माझे सांगणे आहे की, फसून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी उपदेश करू नका. त्याला पाणी द्या, आणि फोन लावून द्या.

आवाजाची ओळख

प्रेषितांच्या कृत्यांत बाराव्या अध्यायात एक गोड प्रसंग आहे. पेत्र तुरुंगातून सुटून रात्री मार्क ह्याची आई मरीया हिच्या घराचे दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी दाराशी येते, पेत्राचा आवाज ओळखते, आणि हर्षाच्या भरात दार उघडायचेच विसरून आत धावते. आपण ह्या वेंधळेपणावर हसतो. पण तिच्या वागण्यात एक शहाणपणही होते. छळाचे दिवस होते, दाराबाहेर कुणाचेही शिपाई असू शकले असते. तिने दार उघडण्यापूर्वी आवाज ओळखला, आणि घरातल्यांना सांगितले.

आज ह्या दुसऱ्या गोष्टीचे मोल वाढले आहे, कारण हल्ली माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल यंत्राने करता येते. म्हणून नुसत्या आवाजावरही विसंबू नये. फोन आला तर तो ठेवावा, आणि आपल्या वहीत लिहिलेल्या मुलाच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. मुख्य कसोटी ही की, मदत मागितली कुणी? आपण अडलो, आपण हाक मारली आणि आपल्या ओळखीचा माणूस आला, तर दार उघडावे. न बोलावता आलेला कुणी "तुमच्या घरात बिघाड आहे, मला आत घ्या" म्हणू लागला, तर तो बँकेचे नाव सांगो, पोलिसांचे सांगो की संगणक-कंपनीचे, त्याला दाराबाहेरच ठेवावे. काम चालू असेतोवर आपण पडद्यापुढून उठू नये, आणि काम संपताच जोडणी आपल्या हाताने बंद करावी. पैशाचा व्यवहार तर त्या वेळी मुळीच करू नये.

दूरदेशी असलेल्या मुलामुलींनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. आईवडिलांच्या संगणकात तुम्हाला प्रवेश मिळाला, म्हणजे त्यांच्या कपाटाची किल्ली मिळाली. कामापुरते पाहा, त्यांची पत्रे, त्यांचे हिशेब, त्यांची टिपणे विचारल्यावाचून उघडू नका. भराभर दहा खुणा दाबून "झाले" म्हणू नका; प्रत्येक पाऊल सांगत, हळूहळू करा, म्हणजे पुढच्या वेळी त्यांना तुमची गरजच लागणार नाही. आणि ते जेव्हा "इथे तसे काही नाही" असे सांगतात, तेव्हा त्यांच्या पडद्यावर खरोखरच तसे काही नसेल, ही शक्यता मनात ठेवा.

मास्तरांनी आता आपल्या वहीच्या पहिल्या पानावर तीन कळांची नावे, मुलाचा क्रमांक आणि त्याखाली १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. मुलगा नाताळला येणार आहे. संगणकाचे काही काम शिल्लक नाही ना, असे मी परवा विचारले, तेव्हा मास्तर म्हणाले, "काम सारे तेथूनच होते फादर, पण शाळेच्या आठवणी पुऱ्या झाल्या आहेत, त्या त्याला शेजारी बसवून वाचून दाखवायच्या आहेत." हे मात्र कुठल्याही तारेवरून होण्याजोगे नाही. ज्यांना येणे शक्य आहे त्या सर्वांना प्रभू सुखरूप घरी आणो.